फायटर पायलट ते अंतराळवीर : मधले टप्पे नेमके कुठले, आणि माणूस गळतो कुठं?

गगनबावडेकर (धागाकर्ता)

शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ ला उडाले, १५ जुलैला पॅसिफिकात उतरले, आणि तेव्हापासून आपल्याकडं गुणवंतांच्या सत्कारात एक तरी वक्ता 'आता कोल्हापूरचा अंतराळवीर' म्हटल्याशिवाय खाली बसत नाही. म्हणायला काही हरकत नाही. पण नंतर पोरं जे प्रश्न विचारतात त्यावरून कळतं की बऱ्याच जणांच्या डोक्यात ही पोलीस भरतीसारखी भरती आहे. जाहिरात, फॉर्म, मैदान, यादी.

गगनयानासाठी निवडलेले चौघे, म्हणजे प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुक्ला, हवाई दलाचे टेस्ट पायलट आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. माहीतगारांकडून मला मधलं हवंय. बारावीचं पोरगं ते यानातली खुर्ची, या रस्त्यात कुठं गळती होते आणि का होते?

शिवाय एक मत टाकून ठेवतो, त्यावर खुशाल भांडा. यान आपोआप वर जातं, आपोआप जोडलं जातं, आपोआप उतरतं. मग टेस्ट पायलटच कशाला? तब्येतीनं ठणठणीत इंजिनिअर का नको?

तालीमवाला

पहिला! आमच्या गंगावेशीत अंगावर दोन गडी घेऊन सपाट्या मारणारी पोरं आहेत. आठ जी (म्हणजे अंगावर आठपट वजन) काय ते त्यांना विचारा. थेट पाठवा, मधले टप्पे रद्द.

शिरोळचा मास्तर

मैदान नंतर, आधी गणित. एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, आणि हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असलंच पाहिजे. गणिताचा पेपर ३०० गुणांचा, १२० प्रश्न, अडीच तास. म्हणजे प्रश्नाला सव्वा मिनिट. दुसरा पेपर ६०० गुणांचा, १५० प्रश्न. चुकलं की त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश कापला जातो.

आपल्या राज्य मंडळाची चांगली पोरं इथं अडकतात ती गणित येत नाही म्हणून नव्हे. त्यांना पायऱ्या लिहून गुण मिळवायची सवय असते; इथं पायऱ्यांना शून्य. पर्याय उलटे घालून बघणं, एकक तपासून दोन पर्याय उडवणं, हा सराव अकरावीपासूनच करावा लागतो. बारावीच्या मार्चनंतर सुरू करून जमत नाही.

लेखी निघाली की एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडीची मुलाखत, पाच दिवस, ९०० गुण. पुढं एका तुकडीत एकूण ३७० जागा, त्यातल्या हवाई दलाच्या उड्डाण शाखेला ९२. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ पासून आहेच. राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला आहे, मुलींसाठी नाशिकला. तिथला प्रवेश दहावीनंतर, त्यामुळं बारावीत जाग आलेल्यांना तिचा उपयोग नाही.

जीसूट

मास्तरांनी एक दार सांगितलं नाही, आणि सगळ्यात निर्दयी तेच. सीपीएसएस, म्हणजे वैमानिक व्हायची क्षमता तपासणारी संगणकावरची चाचणी. पूर्वी पीएबीटी म्हणायचे. हातात स्टिक, पायाखाली पेडल, पडद्यावर सरकणारं लक्ष्य आणि मधेच येणाऱ्या सूचना. शिवाय विमानातल्या घड्याळांचे आकडे वाचायची परीक्षा. ही आयुष्यात एकदाच देता येते. एकदा नापास झालात की उड्डाण शाखा कायमची बंद, मग एनडीए असो की पदवीनंतरच्या सीडीएस, एएफकॅट या प्रवेश परीक्षा. एनडीएच्या पहिल्याच प्रयत्नात 'बघू तरी काय असतं' म्हणून गेलेलं पोरगं इथं स्वतःचा रस्ता स्वतःच बंद करून येतं.

आता शरीर. उंची किमान १६२.५ सेमी, हे बहुतेकांना माहीत असतं. पुढची मापं माहीत नसतात. बसल्यावर उंची ८१.५ ते ९६ सेमी, पायाची लांबी ९९ ते १२० सेमी, मांडी जास्तीत जास्त ६४ सेमी. मांडीचं कारण सरळ आहे. इजेक्शन सीट रुळावरून सुटते तेव्हा गुडघे समोरच्या पॅनलच्या कडेला लागता कामा नयेत. लागले तर माणूस वाचतो, पाय वाचत नाहीत. त्याच सीटमुळं मणक्याचे एक्सरे काढतात, मानेपासून कमरेपर्यंत. सीट सुटताना पाठीच्या कण्यावर क्षणभर पंधरा-वीस जीच्या घरातला धक्का बसतो. कणा बाजूला वाकलेला असेल किंवा मणक्यांच्या चकत्यांचे खळगे एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसले, तर बाहेर. त्या पोराला आयुष्यात कधी पाठ दुखलेली नसते, त्यामुळं निकाल ऐकून घरचे डॉक्टरांशी भांडतात.

तालीमवाले दादा, तुमच्यासाठी खास : मातीत घासून पाळी सुजून गठ्ठा झालेला कान. तालमीत तो मिरवायचा दागिना. पण पाळीचा आकार हेल्मेट-हेडसेटच्या आड येण्याइतका बिघडला असेल तर वैद्यकीय चाचणीत तो दोष धरतात.

तालीमवाला

लई वाईट बातमी दिलीसा. म्हणजे कानच आडवा आला म्हणायचा. पोरांना सांगतो, उडायचं असंल तर कान झाकून कुस्ती खेळा.

ताराराणी

चष्म्याचं कोणीच बोललं नाही. कोल्हापुरात लेसर करून देणारे भरपूर आहेत आणि पालक सतराव्या वर्षी पोरांना तिथं नेतात. थांबा. हवाई दलाच्या पदवीनंतरच्या प्रवेशात ही शस्त्रक्रिया चालते, पण विसाव्या वर्षाआधी केलेली चालत नाही, करून १२ महिने झालेले लागतात, आणि बुबुळाच्या पारदर्शक पडद्याची उरलेली जाडी किमान ४५० मायक्रॉन लागते. सतराव्या वर्षी घाईनं केलेलं ऑपरेशन पुढं तीन वर्षांनी उघडणारं दारही बंद करतं. रंगांधळेपणाला तर इलाजच नाही; रंग ओळखायचे इशिहारा तक्ते दहावीतच दाखवून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

मुलींसाठी : एनडीए २०२२ पासून खुली आहे. त्याआधी एएफकॅट हाच मुख्य रस्ता होता, आजही आहे (उड्डाण शाखेला वय २० ते २४). पण त्यातून मिळणारं शॉर्ट सर्व्हिस कमिशन १४ वर्षांचं. टेस्ट पायलटच्या शाळेला माणूस जातो तोवर अनुभवाची बरीच वर्षं गेलेली असतात, मग हातात उरतं किती? अंतराळापर्यंतचा लांब रस्ता डोक्यात असेल तर कायम कमिशन, म्हणजे एनडीए, हाच शहाणपणा.

पंचगंगाकाठ

इथपर्यंत सगळं पायलट होण्याचं झालं. अंतराळवीर कुठं आला यात?

टेस्टकार्ड

येतोय की. डुंडीगलच्या हवाई दल अकादमीत पिलाटस हे शिकाऊ विमान, मग तीन वाटा : फायटर, वाहतूक, हेलिकॉप्टर. फायटरवाल्यांना बीदरला हॉक हे सरावाचं जेट. तिथून स्क्वाड्रन, आणि स्क्वाड्रनमध्ये काही वर्षं घासून झाली की ज्यांना आवड आणि डोकं दोन्ही आहे ते बेंगळुरूच्या एअर फोर्स टेस्ट पायलट्स स्कूलला अर्ज करतात. १९७३ ची संस्था, अभ्यासक्रम ४८ आठवड्यांचा. दिवसा उड्डाण, रात्री अहवाल.

टेस्ट पायलट म्हणजे धाडसी माणूस, ही समजूत आधी काढून टाका. धाडसी माणूस तिथं पहिल्या महिन्यात डोकेदुखी ठरतो. त्याच्या हातात टेस्ट कार्ड असतं : अमुक उंची, अमुक वेग, स्टिकला इतका झटका, किती सेकंदांत कंप शमतो ते नोंदव. पंखाच्या कंपनाची, म्हणजे फ्लटरची चाचणी घेताना वेग थोडा वाढवायचा, जमिनीवरच्या इंजिनिअरनी आकडे बघायचे, मग पुढची पायरी. पायरी गाळायची नाही. दहापैकी नऊ दिवस तो कंटाळवाणा असतो.

खाली उतरल्यावर 'विमान मस्त उडतंय' असं सांगितलं तर कोणी ऐकून घेत नाही. कूपर-हार्पर नावाचं मोजमाप आहे, १ ते १०. एक म्हणजे उत्तम, दहा म्हणजे ताबा सुटला. पण आकडा थेट द्यायचा नसतो, प्रश्नांच्या पायऱ्यांनी यायचं असतं. ताब्यात राहतं का? राहत असेल तर झेपेल एवढ्या श्रमात पुरेसं काम होतं का? होत असेल तर सुधारणेशिवाय समाधानकारक आहे का? घाम गाळून अचूक उडवलेल्या विमानाला चांगला आकडा देणं हा नवशिक्याचा नेहमीचा दोष. कौशल्यानं विमानाचा दोष झाकला जातो आणि पुढं साधा पायलट त्यात अडकतो.

अंतराळ संस्थांना हेच हवं असतं. स्वतःचं शरीर, यंत्र आणि काम, तिन्हींचं एकाच वेळी निरीक्षण करून आकड्यांत सांगणारा माणूस.

कळंब्याचा इंजिनिअर

टेस्टकार्ड यांचा प्रतिसाद सुंदर, पण युक्तिवाद एकतर्फी. गागारिन टेस्ट पायलट नव्हता. सोव्हिएतांनी १९६० मध्ये निवडलेले वीसजण तरुण लष्करी वैमानिक होते. निकष वय, १७५ सेमीपर्यंत उंची आणि ७२ किलोपर्यंत वजन, कारण त्यांचं व्होस्तोक यान आपोआप चालायचं. इतकं की हाताने चालवायची यंत्रणा कुलूपबंद होती आणि कुलपाचा आकडा, १२५, पाकिटात ठेवला होता.

अमेरिकेनं उलट केलं. आयझेनहॉवर यांनी लष्करी टेस्ट पायलटमधूनच घ्या म्हणून सांगितलं. अट होती चाळिशीच्या आत वय, १८० सेमीपर्यंत उंची, १५०० तास उड्डाण, टेस्ट पायलट स्कूलची पदवी. ५०८ जणांच्या फायली चाळल्या, अटींत ११० बसले, शेवटी १९५९ मध्ये सात. म्हणजे हा निर्णय सोयीचाही होता : फायली तयार, गुप्ततेची सवय, वैद्यकीय नोंदी हाताशी. शास्त्र नंतर चिकटवलं.

टेस्टकार्ड

सोय होती हे मान्य. पण १६ मार्च १९६६ बघा. अमेरिकेचं जेमिनी ८ यान अजेना या मानवरहित यानाला जोडलं गेलं आणि काही वेळात दोन्ही मिळून फिरायला लागले. अजेनाचाच दोष असणार असं समजून सुटका करून घेतली, तर फिरणं वाढलं, सेकंदाला जवळजवळ एक गिरकी. कारण दोष जेमिनीच्याच एका थ्रस्टरचा (यान वळवणाऱ्या छोट्या इंजिनाचा) होता, तो उघडाच अडकला होता. आर्मस्ट्राँगनं ती सगळी यंत्रणा बंद केली आणि परतीच्या प्रवासासाठी राखलेल्या थ्रस्टरनी यान थांबवलं. डोळ्यांपुढं अंधारी यायच्या बेतात असताना 'कुठली यंत्रणा काढली की काय उरतं' हे डोक्यात तयार असणं म्हणजे प्रशिक्षण. राखीव थ्रस्टर वापरले की नियमानं लगेच परतायचं, तसे ते परतले.

कळंब्याचा इंजिनिअर

मग माझं उदाहरण घ्या. जून १९८५, सोव्हिएत यान सोयुझ टी-१३. राकेश शर्मा एप्रिल १९८४ मध्ये ज्या सॅल्यूट ७ वर राहून आले, ते स्थानक मृत झालं होतं. वीज नाही, संपर्क नाही, आत गोठलेलं. झानिबेकोव यांनी हातातल्या लेझर अंतरमापकानं अंतर मोजत हातानं जोडणी केली. ते शाळेतून शिकलेले टेस्ट पायलट नव्हते, लढाऊ विमानांचे प्रशिक्षक होते. आणि आत शिरल्यावर स्थानक जिवंत करायला सोबत साविनिख होते, इंजिनिअर! दोघांपैकी एक काढून बघा, मोहीम होत नाही.

गगनबावडेकर

हे मला पटलं. म्हणजे 'टेस्ट पायलटच' पेक्षा 'टेस्ट पायलट आणि शिवाय' असं म्हणू. शुक्लांच्या मोहिमेत तेच झालं : कमांडर पेगी व्हिट्सन, मूळच्या जीवरसायनशास्त्रज्ञ, पायलटच्या खुर्चीत शुक्ला. आणि सुनीता विल्यम्स फायटरच्या नव्हे, हेलिकॉप्टरच्या टेस्ट पायलट. त्यामुळं हेलिकॉप्टरची वाट मिळाली म्हणून कोणी रडत बसू नये.

टेस्टकार्ड

एवढी भर घालतो : गगनयानाच्या पहिल्या तुकडीला टेस्ट पायलट घेणं मला योग्यच वाटतं, कारण यान नवं आहे. गगनयानाच्या सुटका यंत्रणेची २१ ऑक्टोबर २०२३ ची टीव्ही-डी१ ही माणसाविना चाचणी आठवा. उड्डाणाला पाच सेकंद उरले असताना संगणकानं थांबवलं, दोष काढून त्याच सकाळी उडवलं, सुटका यंत्रणा नीट चालली, पण समुद्रात कुपी उलटी तरंगली. अशा गोष्टी अजून निघतील. पाचव्या-दहाव्या मोहिमेला हवं तर पशुवैद्य पाठवा.

पंचगंगाकाठ

गोकुळ दूध संघवाले तयारच आहेत.

जीसूट

निवडीकडं येतो. २०१९ मध्ये बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एअरोस्पेस मेडिसिनमध्ये पहिली चाळणी झाली, बाराजण उरले. शेवटी चौघं फेब्रुवारी २०२० मध्ये मॉस्कोजवळच्या गागारिन केंद्रात गेले, मार्च २०२१ पर्यंत तिथं होते.

उडणारा, ठणठणीत, रोज नऊ जी खाणारा पायलट इथं का गळतो? कारण शोधायचं वेगळं असतं. विमानातला माणूस तासाभरात खाली येतो, इथं येत नाही. मुतखड्याचा बारीक कण सोनोग्राफीत दिसला तरी प्रश्न, कारण भारहीनतेत हाडांतलं कॅल्शियम सुटतं (खुब्याच्या हाडात महिन्याला एक-दीड टक्का) आणि ते लघवीवाटे जाताना खडा वाढतो. दाढेत भरलेल्या सिमेंटखाली हवेची पोकळी असेल तर दाब बदलला की ठणका. हृदयाच्या ठोक्याची जराशी अनियमितता म्हणजे संपलंच. अमेरिकेच्या त्या पहिल्या सातांतले (मर्क्युरी मोहिमेचे) स्लेटन १९६२ मध्ये त्यावरूनच उड्डाणातून काढले गेले आणि थेट १९७५ मध्ये उडाले.

आता जी. फायटरमध्ये जी डोक्याकडून पायाकडं लागतो. रक्त खाली उतरतं, आधी रंग जातात, मग दिसणं, मग शुद्ध. त्यासाठी मांड्या-पोट आवळून, दर तीन सेकंदांनी झटक्यात श्वास बदलून रक्त वर दाबायची सवय अंगात मुरलेली असते. यानात माणूस पाठीवर पडलेला, गुडघे वर. जी छातीतून पाठीकडं. मेंदूचं रक्त जात नाही, पण छातीवर वजन पडून श्वास घेता येत नाही. इथं फायटरची सवय उलटते : अंग आवळलं की दम लवकर संपतो. छाती फुगवायचा नाद सोडून पोटानं श्वास घ्यायला नव्यानं शिकावं लागतं. सोयुझचं नेहमीचं परतणं चार-पाच जीचं. पण बॅलिस्टिक मार्गानं आलं, जसं एप्रिल २००८ मध्ये, तर आठच्या वर. म्हणून सेंट्रिफ्यूजवर, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, आठपर्यंत नेतात.

ताराराणी

आणि मळमळ? फायटरवाल्यांना ती होत नसेल ना?

जीसूट

होते, ताई. पहिल्या दोन-तीन दिवसांत साधारण ६० ते ८० टक्के अंतराळवीरांना त्रास होतो, पायलट असो की शास्त्रज्ञ. गोल फिरणाऱ्या खुर्चीवर डोकं हलवत दहा-पंधरा मिनिटं बसवतात. पण खुर्चीवर टिकलेला वर टिकेलच असं नाही, उलटही घडतं. पहिले दोन दिवस डोकं कमी हलवायचं आणि पिशवी खिशात ठेवायची, एवढाच खात्रीचा सल्ला.

शिरोळचा मास्तर

रशियात बर्फात झोपवतात म्हणे. आपलं यान तर समुद्रात उतरणार, मग बर्फाचं काय काम?

टेस्टकार्ड

मास्तर, यान ठरल्या जागी उतरलं नाही तर? मार्च १९६५ मध्ये सोव्हिएत यान व्होस्खोद २ ची स्वयंचलित यंत्रणा बिघडली, बेल्यायेव्हनी हातानं परत आणलं आणि दोघं ठरल्या जागेपासून शेकडो किलोमीटर दूर, उरलच्या बर्फाळ जंगलात पडले. तेव्हापासून हा सराव : तिघांची तुकडी, दोन रात्री, पॅराशूटच्या कापडाचा तंबू, हाताशी असलेली लाकडं. आपल्या चौघांनी हिवाळ्यातलं जंगल-दलदल, पाणी आणि उन्हाळ्यातलं गवताळ मैदान असं तिन्हीकडं केलं.

मला विचाराल तर पाण्यातलं सगळ्यात वाईट. कुपी हेलकावे खाते, आत तिघं एकमेकांच्या अंगावर. त्यात उड्डाणाचा सोकोल सूट काढायचा (सुमारे दहा किलो), गरम कपडे चढवायचे, त्यावर जलरोधक सूट, मग एकेकानं पाण्यात पडायचं. बंद जागेत अंगाची उष्णता बाहेर जात नाही. लोक घामाघूम होऊन बाहेर येतात, त्यामुळं घाई करणारा आधी थकतो. क्रम ठरलेला असतो : एकानं कपडे बदलताना दोघांनी हलायचं नाही.

कळंब्याचा इंजिनिअर

यात रशियन भाषा राहिली. बटणांवर सिरिलिक, नियंत्रण कक्ष रशियनमध्ये. आणि नंतर ड्रॅगन, शुक्ला ज्यातून गेले ते अमेरिकी यान, म्हणजे टचस्क्रीन, इंग्रजी, वेगळा सूट, वेगळी कार्यपद्धती. शुक्ला आणि नायर (ते राखीव होते) ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेत हे दुसऱ्यांदा शिकले. तिशी-चाळिशीत पुन्हा विद्यार्थी होऊन परीक्षा द्यायची तयारी, ही गोष्ट कुठल्याच मोजपट्टीत येत नाही.

गगनबावडेकर

मूळ प्रश्नाकडं. हिशोब मांडतो, चुकलं तर सांगा. बारावी अठराव्या वर्षी, एनडीए तीन वर्षं, अकादमी एक, बाविसाव्या वर्षी पायलट. स्क्वाड्रनमध्ये आठेक वर्षं, एकतिशीच्या आसपास टेस्ट पायलट. त्यानंतर निवड निघाली तर निवड. शुक्ला जून २००६ मध्ये दाखल झाले, जून २०२५ मध्ये उडाले, वय ३९. शर्मा १९७० ला दाखल, १९८४ ला ३५ व्या वर्षी अंतराळात. म्हणजे चौदा ते एकोणीस वर्षं, आणि शेवटचा टप्पा तुमच्या हातात नाही. तुकडी कधी निघेल ते सरकार ठरवणार. रवीश मल्होत्रा शर्मांइतकंच सगळं शिकले, राखीव राहिले, गेले नाहीत.

ताराराणी

म्हणून पोरांना 'अंतराळवीर व्हायचंय' हे ध्येय देऊ नये असं माझं मत. 'टेस्ट पायलट व्हायचंय' हे द्यावं. तिथं थांबावं लागलं तरी कोणी वाया जात नाही. तेजससारख्या विमानाची प्रत्येक चाचणी तेच लोक उडवतात.

तालीमवाला

ताई, पोरांना आधी मेसचं जेवण पचतंय का बघा. एनडीएत पांढरा रस्सा नसतो.

आता गमतीचं सोडून एक विचारतो. भाचा दहावीला आहे, उंची आत्ताच १८३. क्लासची फी लाखाच्या घरात सांगतायत. भरायच्या आधी घरी काय तपासू?

जीसूट

चार गोष्टी, खर्च नगण्य. रंगांचे तक्ते. चष्म्याचा नंबर. दातांच्या डॉक्टरांकडं एक चक्कर. आणि मांडीचं माप, कारण १८३ उंचीला तेच अडवू शकतं. सपाट स्टुलावर बसवा, पाठ आणि कुल्ले भिंतीला टेकलेले, गुडघे काटकोनात, पावलं जमिनीवर. भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत टेप. कमरेशी पोकळी राहिली तर माप जास्त येतं, तेव्हा नीट टेकवा.

तालीमवाला

६१ भरली. पण दहावीलाच हाय अजून.

जीसूट

मग सहा महिन्यांनी परत मोजा. फी तोवर थांबली तरी चालेल, गणित थांबवू नका.